घाबरलेल्या मनाला वाचता येईल अशी यादी: घरातील आणीबाणीसाठी चेकलिस्ट कशी तयार करावी

८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टकडे निघालेल्या ब्रिटिश मिडलंड कंपनीच्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे पाते तुटले. विमान थरथरू लागले आणि वैमानिकांच्या कक्षात धुराचा वास आला. बिघाड उजव्या इंजिनात आहे असे समजून वैमानिकांनी त्याचा वेग कमी केला. योगायोगाने त्याच वेळी थरथर ओसरली, त्यामुळे त्यांना आपले निदान खरे वाटले आणि त्यांनी सुस्थितीत असलेले इंजिन बंद केले. पुढे कॅप्टनने घडलेल्या गोष्टींचा क्रमाने फेरविचार करायला सुरुवात केली होती, पण रेडिओवरील संभाषणाने तो मध्येच तुटला आणि पुन्हा सुरू झाला नाही. मागे बसलेल्या काही प्रवाशांना डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना दिसल्या होत्या. कॅप्टनने घोषणेत ‘उजवे’ म्हटल्याचेही त्यांनी ऐकले, पण कोणीही ते पुढे जाऊन सांगितले नाही. केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या थोडे अलीकडे, विमान कोसळले आणि १२६ पैकी ४७ जणांचा मृत्यू झाला.

भीतीच्या क्षणी मन कसे चुकते याचे जवळजवळ सगळे प्रकार या एका घटनेत सापडतात. पहिले सुचलेले कारण घट्ट धरून ठेवले जाते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते, मध्येच कोणी बोलले की हातातला धागा सुटतो आणि ज्याला खरे दिसले आहे तो संकोचाने गप्प राहतो. हुशारी किंवा प्रशिक्षण असले म्हणून यातून सुटका होत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियागृहातील १७ चमूंना कृत्रिमरीत्या उभ्या केलेल्या आणीबाणीच्या प्रसंगांना तोंड द्यायला लावले होते. हाती चेकलिस्ट नसताना जीव वाचवण्यासाठी आवश्यक असलेल्या कृतींपैकी २३ टक्के राहून गेल्या, तर चेकलिस्ट असताना ६ टक्के. हे सगळे रोज शस्त्रक्रियागृहात काम करणारे लोक होते. मग रात्री दोन वाजता गॅसच्या वासाने जागे झालेल्या घराची काय अवस्था होईल, याची कल्पना करता येते.

आणीबाणीची यादी म्हणजे शांत दिवशी घेतलेले निर्णय अशांत क्षणासाठी राखून ठेवणे. त्यामुळे प्रवासाच्या सामानाची किंवा किराण्याची यादी जशी आपण करतो तशी ही करून चालत नाही. किराण्याच्या यादीत एखादी वस्तू खाली-वर झाली तर काही बिघडत नाही. येथे मात्र क्रम हाच जीव आहे.

कोणत्या संकटांची कार्डे करावीत

प्रत्येक संभाव्य संकटासाठी कार्ड करण्याचा मोह आवरावा. कुटुंबाने एकत्र बसून तीन प्रश्न विचारावेत. हे संकट आपल्या घरात खरोखर येऊ शकते का? आले तर विचार करायला वेळ मिळेल का? आणि घाईत चुकीचे केले तर ते सुधारता येईल का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि पुढच्या दोहोंचे ‘नाही’ असेल, तेवढ्याच प्रसंगांची कार्डे करावीत. शहरातील फ्लॅटसाठी गॅसगळती, विजेचा धक्का, आग आणि घरातील ज्येष्ठांचा हृदयविकार किंवा पक्षाघात एवढे बहुधा पुरते. कोकणात किंवा शेतावर राहणाऱ्यांसाठी सर्पदंश पहिल्या क्रमांकावर येईल, आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठावर पूर. पाच-सहापेक्षा जास्त कार्डे झाली की नेमके कार्ड शोधण्यातच वेळ जातो.

अलीकडे यात एका प्रकाराची भर घालावी लागते. पोलिस किंवा सीबीआय अधिकारी असल्याची बतावणी करून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगणारा व्हिडिओ कॉल. येथे आणीबाणी खोटी असते, पण तिने निर्माण केलेली भीती खरी असते आणि नुकसानही खरे होते. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. हे कार्ड सर्वांत लहान असावे: फोन ठेवा, घरातील दुसऱ्या व्यक्तीला सांगा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा, कारण जितके लवकर कळेल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

शीर्षकात लक्षण लिहावे, निदान नव्हे

कार्डाचे शीर्षक ‘पक्षाघात’ असे लिहिले तर ते उपयोगी पडत नाही, कारण त्या क्षणी समोरच्याला पक्षाघात झाला आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. ‘अचानक तोंड वाकडे, एक हात लुळा किंवा बोलणे अडखळते’ असे शीर्षक असेल तर डोळ्यांना दिसते तेच कागदावर सापडते. त्याचप्रमाणे ‘हृदय बंद पडणे’ याऐवजी ‘हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही’ असे लिहावे आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘अधूनमधून आचके देत घेतलेला श्वास हा श्वास समजू नये’ ही सूचना द्यावी. लोक छाती दाबायला उशीर करतात तो अनेकदा याच गैरसमजामुळे.

कार्डातील प्रत्येक ओळ क्रियेची असावी आणि एका ओळीत एकच क्रिया असावी. ‘परिस्थितीनुसार योग्य ती काळजी घ्यावी’ असले वाक्य सरकारी परिपत्रकात शोभते. घाबरलेल्या माणसाच्या हाताला त्यातून काहीच काम मिळत नाही. निषेधाच्या ओळी, म्हणजे ‘हे करू नका’, कमीत कमी ठेवाव्यात आणि जेथे चुकीची सवय हमखास आड येते तेथेच लिहाव्यात. एकूण ओळी सात-आठच्या पुढे जाऊ देऊ नयेत आणि ‘जर-तर’ची फाट्यावरची ओळ एका कार्डात एकच असावी.

गॅसच्या वासाचे कार्ड, पूर्ण नमुना

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. विजेचे बटण चालू करताना जशी बारीक ठिणगी पडते तशीच बंद करतानाही पडते. ही चार वाक्ये समजली की खालच्या ओळींचा क्रम समजतो.

गॅसचा वास येत आहे

१. विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका. चालू ते चालू, बंद ते बंद.
२. शेगडी, समई, निरांजन, उदबत्ती विझवा.
३. वास फार उग्र असेल किंवा फुसफुस आवाज येत असेल तर थेट ओळ ६ वर जा.
४. रेग्युलेटर बंद करा. पाइपचा गॅस असेल तर मुख्य कॉक बंद करा.
५. दारे-खिडक्या उघडा.
६. सर्वांना घराबाहेर काढा. शेजारच्यांचे दार हाताने ठोठवा, बेल वाजवू नका.
७. बाहेर दूर जाऊन १९०६ (गॅसगळतीचा मदत क्रमांक) वर फोन करा. आग दिसत असेल तर १०१ किंवा ११२.
८. तपासणी होईपर्यंत शेगडी, पंखा, दिवा काहीही चालू करू नका.

आठवी ओळ अनावश्यक वाटेल, पण तीच सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. वास गेला की संकट गेले असे वाटते आणि कोणीतरी ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून एक्झॉस्ट फॅन लावते. प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ अशीच, म्हणजे संकट कधी संपले समजावे हे सांगणारी असावी. फ्रिज आपोआप चालू-बंद होतो, त्याचे काय, असा प्रश्न या कार्डाबाबत नेहमी येतो. मीटर आणि मुख्य स्विच घराबाहेर, तळमजल्यावर असेल तर तेथून वीजपुरवठा तोडणे योग्य. तो घरातच असेल तर त्याला हात लावू नये. आपल्या घरी यांपैकी काय आहे ते आधी पाहून कार्डावर लिहावे. पाइपच्या गॅसचा पुरवठा करणाऱ्या कंपनीचा स्वतंत्र आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो. अशा घरांनी तो १९०६ च्या शेजारी उतरवून घ्यावा. पाइपमधील नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असून छताकडे साचतो, म्हणून तेथे वरच्या खिडक्या उघडणेही तितकेच महत्त्वाचे.

पहिल्या दोन ओळी मात्र घरातील प्रत्येकाला पाठच हव्यात, अगदी शाळकरी मुलांनाही. वैमानिकांच्या आणीबाणीच्या याद्यांतही पहिल्या काही कृती कागद न उघडता करायच्या असतात आणि त्यानंतर कागद वाचून उरलेल्या करायच्या असतात. पाठ करायच्या ओळींना लाल चौकट करावी, पण त्या तीनपेक्षा जास्त करू नयेत.

सर्पदंश: येथे ‘करू नका’ जास्त का

महाराष्ट्रात गंभीर विषबाधा करणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस या चौघांच्या विषावर चालते, त्यामुळे साप कोणता होता हे शोधण्यासाठी काठ्या घेऊन त्याच्या मागे लागण्याची गरज नसते. हे कार्ड लिहिताना परंपरेने हातात बसलेल्या सवयींशी झगडावे लागते, म्हणून निषेधाच्या ओळी येथे अपवादाने अधिक ठेवाव्या लागतात: आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, रुग्णाला चालवू नका.

करण्याच्या ओळी अशा: अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळकुटाला सैल बांधून स्थिर ठेवावा, चावल्याची वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मोटारसायकल असेल तर रुग्णाला चालवणारा आणि मागचा यांच्यामध्ये बसवावे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश जवळजवळ कळतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे एवढेच दिसते. म्हणून पावसाळ्यापुरती या कार्डाच्या शीर्षकात ही लक्षणेही घालावीत.

पण या कार्डावरील सर्वांत मोलाची ओळ ही आधीच चौकशी करून भरायची आहे: कुठे न्यायचे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लस उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर असतात का आणि श्वासासाठी यंत्राची गरज पडली तर पुढे कोणते रुग्णालय, ही चौकशी जूनच्या आधी प्रत्यक्ष जाऊन करावी. पक्षाघाताच्या कार्डालाही हेच लागू पडते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. त्यामुळे ‘शेवटचे ठीक असताना कधी पाहिले’ ही वेळ लिहायला रिकामी जागा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयाचे नाव, या दोन गोष्टी नसलेले कार्ड अपुरेच.

छातीदाबाच्या कार्डाबद्दल थोडक्यात: १०८ ला लावून फोन स्पीकरवर ठेवावा, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबावे, थकल्यावर दुसऱ्याने हात घ्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. हे वाचून येत नाही. एकदा प्रशिक्षण घेऊन हाताला कळावे लागते.

वाचणारा एक, करणारा दुसरा

घरात दोन माणसे असतील तर एकाने कार्ड मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने कृती करून ‘झाले’ असे म्हणावे. ‘झाले’ ऐकल्याशिवाय पुढची ओळ वाचू नये. मध्येच फोन वाजला किंवा शेजारी चौकशीला आले, तर ज्या ओळीवर थांबलो तिच्यावर बोट ठेवावे. बोट हलले असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे. आपल्याकडे आणीबाणीत घरभर माणसे जमतात आणि प्रत्येकजण सल्ला देतो, म्हणून वाचणाऱ्याचा आणखी एक उपयोग असा की त्याच्या हातात कागद असल्याने तो न भांडता बाकीच्यांना थांबवू शकतो. उलट, कोणाला काही वेगळे दिसले असेल तर ते लहान मुलाने किंवा कामाला येणाऱ्या मावशींनी सांगितले तरी ऐकायचे, हे घरातील मोठ्यांनी आधीच जाहीर करून ठेवावे. ‘तू मध्ये बोलू नकोस’ हे वाक्य अशा वेळी फार महाग पडू शकते.

जी कृती परत फिरवता येत नाही, तिच्या आधी कार्डावर ‘थांबा’ असा शब्द मोठ्या अक्षरात लिहावा. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी, पेटलेल्या तेलावर काही ओतण्यापूर्वी, धूर भरलेल्या खोलीचे दार उघडण्यापूर्वी. थांबा म्हणजे एक श्वास आणि दुसऱ्या माणसाचा होकार. एकटे असाल तर तीच ओळ स्वतःला मोठ्याने वाचून दाखवणे.

फोनवर बोलायची वाक्ये

भीतीने लोक स्वतःचा पत्ता विसरतात. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पूर्ण पत्ता, बाहेरच्या माणसाला सापडेल अशी खूण, मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का आणि रात्री सोसायटीचे कोणते फाटक उघडे असते हे लिहावे, आणि तेही बोलता येईल अशा वाक्यांत. त्याखाली घरातील ज्येष्ठांची चालू औषधे आणि ॲलर्जी. समोरचा ठेवेपर्यंत आपण फोन ठेवू नये, ही ओळही तेथेच असावी.

कागद, अक्षर आणि जागा

चष्मा सापडला नाही तरी हातभर अंतरावरून वाचता येईल एवढे अक्षर ठेवावे, पांढऱ्यावर काळे. मोबाइलमध्ये फोटो ठेवण्यास हरकत नाही, पण तो जोड म्हणून. गॅसच्या कार्डाच्या वेळी घरात मोबाइल वापरायचाच नसतो. कार्ड कुठे लावायचे हे त्या प्रसंगी माणूस कुठे असेल यावर ठरते. गॅसचे कार्ड स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरच्या बाजूने आणि आणखी एक मुख्य दाराच्या आत लावावे. आजी-आजोबांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला मराठी वाचता येत नसेल तर तिच्या भाषेतील प्रत किंवा साधी चित्रे हवीत. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तारीख घालावी.

रंगीत तालीम

लिहिणाऱ्याला स्वतःचे कार्ड नेहमीच सोपे वाटते, म्हणून तालीम घेताना ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. दिवे घालवून, न सांगता, घड्याळ लावून. वाचणारा ज्या ओळीवर अडखळतो ती ओळ त्याची चूक नसून कागदाची चूक समजावी आणि त्याच संध्याकाळी बदलावी. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा तालीम पुरेशी आहे. त्याच वेळी सगळे क्रमांक लावून पाहावेत. मात्र १०८, ११२ यांसारख्या आपत्कालीन क्रमांकांवर चाचणीसाठी फोन करू नये.

यादी प्रत्यक्ष परिस्थितीशी जुळत नसेल तर काय करावे, हेही तालमीत बोलून घ्यावे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने यूएस एअरवेज १५४९ विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली, तेव्हा वैमानिकांकडे असलेली यादी खूप उंचीवरील बिघाडासाठी लिहिलेली होती आणि विमान सुमारे तीन हजार फुटांवर होते. सहवैमानिकाला तिचा पहिला भागच कसाबसा पुरा करता आला. कॅप्टनने मात्र विजेसाठीचे सहायक इंजिन यादीतील क्रमाची वाट न पाहता सुरुवातीलाच चालू केले आणि विमान हडसन नदीत उतरवले. १५५ जण वाचले. यादी झुगारण्याचे हे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितले जाते, ते मला पटत नाही: एकजण विमान सांभाळत असताना दुसरा शेवटपर्यंत यादीच वाचत होता. घरापुरता नियम एवढाच ठेवावा की जीव धोक्यात असेल तर बाहेर पडणे ही कृती कोणत्याही ओळीवरून, केव्हाही करता येते.

पूर: सावकाश येणारे संकट

पूर हा सुरुवातीच्या तीन प्रश्नांना अपवाद आहे, म्हणून त्याचे कार्ड वेगळ्या घडणीचे असते. येथे वेळ मिळतो, आणि तोच घात करतो, कारण ‘अजून थोडे पाहू’ म्हणत निघण्याची वेळ टळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांत पाणी धोका पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेले होते. म्हणून या कार्डातील प्रत्येक ओळ पाण्याच्या पातळीला बांधावी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ती अनुक्रमे ४० आणि ४५ फूट. मागील पुरात कोणत्या पातळीला आपल्या गल्लीत पाणी आले, हे जुन्या रहिवाशांना विचारून त्याच्या बरेच खाली निघण्याचा आकडा ठरवावा आणि तो कार्डाच्या डोक्यावर लिहावा.

इशारा पातळीला कागदपत्रे, औषधे आणि दागिने एका जलरोधक पिशवीत जावीत, वाहने उंचावर न्यावीत आणि जनावरांची सोय करावी. निघण्याच्या आकड्याला सिलिंडर बंद, वीज मुख्य स्विचवरून बंद, गोठ्यात कोणी राहिले असेल तर दावी सोडलेली आणि सगळी माणसे बाहेर. तो आकडा रात्री दोन वाजता आला तरी रात्री दोन वाजताच निघायचे. यावर त्या वेळी चर्चा करायची नाही, कारण ती एप्रिल-मे महिन्यातच झालेली असते. परतीच्या ओळीही याच कार्डावर मागच्या बाजूस असाव्यात: भिंती आणि मीटर वाळून इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मुख्य स्विच चालू करू नये, पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य खाऊ नये, पाणी उकळून प्यावे आणि कपाटाखाली, अडगळीत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे, कारण पाणी ओसरल्यावर साप घरातच आसरा घेऊन राहिलेले असतात. सर्पदंशाचे कार्डही त्याच जलरोधक पिशवीत ठेवावे.